नानांच्या आंब्याची थप्पी

लाकूड फोडलं की ढलप्या पडतात. लाकूड गिऱ्हाईक घेऊन जातं, ढलप्या तिथेच राहतात. उद्या झाडून काढू असं रोज कुणीतरी म्हणतं, आणि उद्या त्यांच्यावर आणखी ढलप्या पडतात. आमच्या वखारीतल्या गोष्टींचं असंच झालं आहे. माल केव्हाच गेला, ढलप्यांचा ढीग तेवढा उरला. चार मित्र जमले की मी त्यातल्या मूठभर उचलतो. एखादी दोनदा हातात आली तर मला टोका. काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, याबद्दल माझी कधीच खात्री नसते.

वखार नंदुरबारात आहे आणि ती माझी नाही, माझ्या मेहुण्याची, सुभाषची आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पीएच.डी.चा विषय लाकूड कुजवणाऱ्या बुरशा. रिटायर झालो तेव्हा घरी बसून मी इतक्या गोष्टींची काळजी करायला लागलो, की बायकोनेच भावाला फोन केला. सुभाष स्कूटरवरून आला आणि म्हणाला, "दाजी, तुमी झाडना डॉक्टर शेतस ना? मंग घरमा काय बठतस? चला, पेशंट तपासा."

तेव्हापासून वाळलेली, वाकलेली, घरांवर झुकलेली झाडं मी तपासतो आणि छाटायची की पाडायची ते सांगतो. आमचा रायसिंग दोर लावून वर चढतो आणि कापतो. कापलेलं वखारीत येतं आणि सुभाष ते विकतो. तिघांत मिळून काम छान चालतं. फक्त मी सांगण्याला उशीर लावतो.

*

पहिली ढलपी पाटीची.

मी हौसेने पाटी लिहून दिली : 'वृक्ष शल्यचिकित्सा केंद्र'. खाली बारीक अक्षरांत 'तसेच जळाऊ लाकूड'. पेंटरने आपल्या मनाने वर एक डेरेदार झाड काढलं आणि 'वृक्ष' हा शब्द त्या झाडात बसवला. हिरव्यावर हिरवा. रस्त्यावरून नुसतं 'शल्यचिकित्सा केंद्र' दिसायचं.

एके सकाळी रिक्षातून एक म्हातारे उतरले. धोतर, टोपी, हातात काठी, दुसरा हात गुडघ्यावर. थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि गुडघा पुढे केला. गैरसमज दूर कसा करावा ते मला सुचेना. एकदम नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी विचारलं, "कधीपासून दुखतो?"

तेवढ्यात रायसिंग साखळीची मशीन खांद्यावर टाकून समोरून गेला.

म्हाताऱ्यांनी सुभाषला विचारलं, "हाई काय शे?"

"मशीन शे बाबा. कापाले."

"आनि त्या मांगे लाकडे?"

"त्या स्मशानमा जातस," सुभाष सहज म्हणाला.

म्हाताऱ्यांनी मशीन पाहिली, लाकडं पाहिली, मग मला नीट पाहून घेतलं. उठले आणि ताठ चालत रस्ता ओलांडून गेले. काठी खुर्चीलाच राहिली.

सुभाष म्हणाला, "दाजी, तुमना पयला पेशंट बरा व्हयी गया."

*

काठी न्यायला ते पुढच्या बाजाराच्या दिवशी आले. नाव दगडूनाना, गाव रनाळे. घरची शेती, आता मुलगा प्रकाश बघतो. या वेळी त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही. मागे जाऊन लाकडांवर हात फिरवला.

"गुडघा जाऊ द्या. लाकडे चांगल्या शेतस तुमन्या. मन्हा एक आंबा शे, तो देखा."

आंबा त्यांच्या मळ्यात होता, लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः लावलेला. अर्धा वाळला होता आणि बुंध्याशी बुरशीची ताटलीएवढी छत्री आलेली. ही माझीच बुरशी, हिच्यावर तर मी पीएच.डी. केली! वादळात झाड कधीही पडलं असतं, आणि खाली मजुरांची पोरं खेळत. तरी मी लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकला, परत ठोकला आणि म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बघू."

असे बरेच आठवडे गेले. शेवटी नानाच म्हणाले, "सर, तो मरेल शे. माले समजस. पन मन्ही एक अट शे. एक काडी बी विकानी नही. मी गऊ का माले त्याच आंबामा जाळानं."

प्रकाशने मान खाली घातली. "नाना, सरांसमोर काय हे."

"काबरं? मी लायेल शे तो. बाभूळमा नका टाका माले. बाभूळ लई तडतड करस. जलमभर घरमा तडतडच ऐकेल शे मी."

आत नानी होत्या. त्यांनी भांडं आपटलं.

*

रायसिंग अक्कलकुव्याच्या पलीकडचा, डोंगरातला. गॉगल लावल्याशिवाय झाडावर चढत नाही. हेल्मेट मी आणून दिलं, त्यात तो घरच्यांसाठी सीताफळं नेतो. पण एक पद्धत तो कधी मोडत नाही. झाड पाडायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी एकटा तिथे जातो, बुंध्याशी नारळ ठेवतो आणि झाडाला सांगतो, की उद्या येतोय. न सांगता कुऱ्हाड लावायची नाही. सकाळी तो नारळ फोडायचा आणि मग काम.

मी एकदा विचारलं, "नेमकं काय सांगतोस?"

"सांगतो, उद्या येणार. तुला पळायचं तर रात्रभर टाइम आहे."

"आणि पळालं तर?"

"अजून एक पण पळालं नाही, सर. पण आपण सांगून ठेवायचं."

माझ्यामुळे त्याची पंचाईत होते. आदल्या संध्याकाळी तो सांगून येतो आणि सकाळी माझा विचार बदलतो. मग त्याला परत जावं लागतं, 'सर नाही म्हणाले' असं झाडाला कळवायला. आणि ठेवलेला नारळ परत आणता येत नाही. सुभाष म्हणतो, आमच्या धंद्यात कुणी श्रीमंत झालं असेल तर तो कोपऱ्यावरचा नारळवाला.

नानांच्या आंब्याच्या दिवशीही तसंच झालं. नारळ फुटला, रायसिंग दोर बांधून शेंड्यापर्यंत गेला, मशीन सुरू झाली. तेवढ्यात मला बुंध्यावर एक हिरवा फुटवा दिसला. मी हात वर केला. मशीन बंद. मी फुटवा पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. झाडाभोवती फेऱ्या मारल्या. फुटवा म्हणजे जीव आहे, पण बुरशी म्हणजे तो टिकणार नाही, पण मग फुटवा कसा?

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला.

"सर, तुम्ही विचार करा. पण मला खाली घेऊन करा."

संध्याकाळपर्यंत आंबा पडला. फोडलेलं लाकूड वखारीत पत्र्याखाली, भिंतीला लावून रचलं. माझ्या छातीइतकी उंच थप्पी झाली. नानांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "बस. आते काळजी नही."

काळजी मला लागली.

*

मधेच एक ढलपी, कडुनिंबाची.

गावातल्या एका कॉलनीत दोन बंगल्यांच्या मधल्या भिंतीला कडुनिंब. एका घराला सावली, दुसऱ्या घरात पाला. सावलीवाले म्हणत झाड ठेवा, पालावाले म्हणत पाडा. बोलणं बंद झालं होतं. दोघांनी मिळून एकच गोष्ट मान्य केली, की वखारीतले सर सांगतील तसं करायचं.

मी गेलो. पालावाल्यांकडे चहा घेतला, त्यांचं बरोबर वाटलं. सावलीवाल्यांकडे चहा घेतला, त्यांचंही बरोबर वाटलं. म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. दर आठवड्याला चहा घेऊन मी हेच म्हणे. माझं काय म्हणणं पडलं ते विचारायला दोन्ही घरची मुलं भिंतीपाशी येऊ लागली. इकडचा मुलगा, तिकडची मुलगी.

त्यांच्या लग्नाचा मांडव त्या कडुनिंबाखाली पडला. दोन्ही व्याही मला स्टेजवर घेऊन गेले, शाल घातली आणि माइकवर म्हणाले, "सरांनी फार विचारपूर्वक जुळवलं."

झाडाचं माझं अजून ठरलेलं नाही.

*

नाना दर बाजाराच्या दिवशी यायचे. भाजी घ्यायची, भजी बांधून घ्यायची आणि वखारीत येऊन स्वतःच्या थप्पीवर बसून खायची. थोडी वरून काढून त्यांनी बसण्यापुरती पायरी करून घेतली होती. एक भजं सुभाषला, एक रायसिंगला. मला तेल चालत नाही, म्हणून मिरची.

एकदा लग्नाच्या स्वयंपाकाचा एक आचारी लाकूड बघायला आला. खापरावर मांडे करायचे तर जाळ सारखा लागतो, धूर चालत नाही. सगळी वखार फिरून तो नानांच्या थप्पीपाशी थांबला.

"हाऊ आंबा द्या माले."

"तो इकाना नही," सुभाष म्हणाला. "त्याना मालक शे."

"कोन मालक?"

"त्यावर बसेल शे ना."

आचाऱ्याने नानांना नमस्कार केला. "बाबा, तुमले कवय लागनार शे?"

नानांनी भजं संपवलं. "घाई तुले शे. माले नही."

आचारी गेला, पण मला रात्री झोप लागेना. सुभाष नसताना कुणी नवा माणूस चुकून ही थप्पी देऊन टाकील. मग नानांचं काय? दुसऱ्याच दिवशी मी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि एकेका फोडीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं : 'दगडूनाना – अंत्यविधी'. जवळजवळ आठवडा लागला.

सुभाष बघत उभा राहिला. "दाजी, काही बाकी ऱ्हायनं का? फोटो लायी द्या."

*

श्रावणात झड लागली. वखारीतलं उघड्यावरचं सगळं लाकूड भिजून काळं पडलं. त्यातच रनाळ्याहून दोघं जण ट्रॅक्टर घेऊन आले. घरात माणूस गेलेलं, आणि सगळ्या गावात कोरडं लाकूड नाही. कोरडी होती ती पत्र्याखालची एकच थप्पी.

सुभाष माझ्याकडे बघायला लागला, मी रायसिंगकडे, आणि रायसिंग गॉगल पुसायला लागला. मी नानांना फोन लावला. आधी गुडघ्याची चौकशी केली.

"कामनं बोला सर. कोन गया?"

मी नाव सांगितलं. नंतर कळलं, की गेलेला माणूस त्यांचा शेजारचा शेतकरी होता आणि बांधावरून दोघं अर्धं आयुष्य भांडले होते. शेवटची काही वर्षं तर एकमेकांच्या दारावरून जातही नव्हते.

"द्या," नाना म्हणाले. "जलमभर त्यानी मन्हा बांध कोरा. आते मन्हा आंबा बी ली चालना."

मी फोन ठेवणार तोच परत आवाज आला. "सर, बारीक बारीक देऊ नका. चांगल्या फोडी द्या. तठे सारा लोके ऱ्हातीन."

रायसिंगने लाल अक्षरं खरवडून काढली आणि ट्रॅक्टर भरला. थप्पी माझ्या कमरेला आली.

*

थप्पी कमरेवरून खाली गेली ती नानांच्या नातीच्या लग्नात. यात चूक पूर्ण माझी.

मांडव रनाळ्यात. आदल्या दिवशी बायका मांड्यांना बसल्या. चुलीवर खापरं उपडी घातलेली, पुरण तयार, आणि आमच्याच वखारीतून मी निवडून दिलेलं बाभळीचं लाकूड ओलं निघालं. धुराने सगळ्यांचे डोळे गळायला लागले. नानी बाहेर आल्या आणि नानांना म्हणाल्या, "तुमना आंबा काय कामना मंग? तो मरेलवरच लागस का?"

नानांनी मला फोन केला. "सर, मन्ही थप्पीमाईन गाडी भरीसन धाडा."

"नाना, ती तर तुमची..."

"नातना लगीन शे. मी मराले थांबसू."

मी लगेच टेम्पो भरून पाठवला. त्या गडबडीत अक्षरं खरवडायची राहिली.

मांडे अप्रतिम झाले. रुमालासारखे पातळ, कुठे डाग नाही. आमच्या घरातून मी आणि बायको, निर्मला, गेलो होतो. पंगतीत मुलाकडचे एक मामा वाढणाऱ्याला म्हणाले, असे मांडे बऱ्याच वर्षांत खाल्ले नाहीत, चूल तरी बघू द्या. ते उठून चुलीकडे गेले. तिथे फोडींचा ढीग, आणि प्रत्येक फोडीवर लाल अक्षरांत, माझ्या वळणदार हस्ताक्षरात : 'दगडूनाना – अंत्यविधी'.

मामा परत आले ते पांढरे पडून. प्रकाशला हळूच विचारलं, "दगडूनाना कोण?"

"नवरीचे आजोबा."

"अरेरे. कधी गेले?"

शेजारीच नाना मांड्यावर दूध घेत होते. ते म्हणाले, "जायेल नही अजून. मांडा पुरा करीसन जास."

मी ताटावरून उठणार होतो. निर्मलाने हाताला धरून बसवलं आणि आणखी एक मांडा घेतला.

लग्नानंतर नाना वखारीत आले. थप्पी आता गुडघ्याएवढी उरली होती. बसायला खाली वाकावं लागलं आणि गुडघा कुरकुरला. मी तोंडाला येईल ते बोलत होतो : क्षमा करा, दुसरा चांगला आंबा शोधतो, कुणाला कळणारही नाही.

"माले तर समजीच ना," नाना म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "इतलं लाकूड पुरी माले. मी काय हत्ती शे?"

त्यानंतर मात्र सुभाषने त्या कोपऱ्याला दोर बांधला. आता कुणीही येवो, कुणाच्याही घरी काहीही असो, इथून काडी हलणार नाही.

*

ही शेवटची ढलपी थंडीतली.

नाना आजारी पडले. छातीत कफ, मग ताप, मग जेवण बंद. प्रकाशने त्यांना चिंचपाड्याला दवाखान्यात नेलं. ताप उतरला, डॉक्टर म्हणाले आता हळूहळू बरं वाटेल. पण नाना खायला तोंड उघडेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुणी बोललं तर एवढंच म्हणायचे, की मन्हं व्हयी गयं.

प्रकाशचा मला फोन आला. "सर, नाना सारखं थप्पीचं विचारताहेत. झाकून ठेवली का, भिजली नाही ना. म्हणतात, ट्रॅक्टर सांगी ठेवा." त्याने आवाज खाली आणला. "काय करू? सांगून ठेवू का ट्रॅक्टर?"

मी वखारीत जाऊन त्या गुडघ्याएवढ्या थप्पीसमोर उभा राहिलो. माझ्या हिशेबाने लाकूड पुरत नव्हतं. परत पाहिलं तेव्हा पुरेल असं वाटलं. मग आणखी वेळाने नाही वाटलं. सुभाषने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, आठे उभा ऱ्हायीसन काय करतस? जा, भेटी या."

मी आणि रायसिंग बसने निघालो. स्टँडवर मी केळी घेतली. रायसिंग म्हणाला, मोकळ्या हाताने कसं जायचं, आणि त्याने आपल्या सवयीने जे घेतो तेच घेतलं.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नाना खाटेवर अगदी लहान दिसत होते. प्रकाश पायथ्याशी, नानी उशाशी, हातात पेजेची वाटी, ती तशीच भरलेली. मी केळी कुठे ठेवावीत ते शोधत होतो. रायसिंग सरळ पुढे गेला, गॉगल काढला आणि नारळ खाटेच्या पायाशी ठेवला.

नानांनी डोळे उघडले. नारळ पाहिला. खिडकीतून कलतं ऊन पाहिलं. मग रायसिंगकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज स्वच्छ आला.

"उद्या का रे?"

प्रकाश उभा राहिला. मी रायसिंगचा सदरा मागून ओढत होतो.

रायसिंग शांतपणे म्हणाला, "नाही नाना. सरांचं अजून ठरत नाही."

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणालो.

नाना छताकडे बघत पडून राहिले. मग कोपरावर जोर देऊन थोडे वर सरकले, नानींच्या हातातली वाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाले,

"प्रकाश, आठे गुडघाना डॉक्टर शे का, ईचारी ये."